अमेरिकेतला प्री-कॉलेज समर प्रोग्रॅम: अर्ज करण्याआधी क्रेडिटचं बघा

हायस्कूलमधल्या मुलांसाठी अमेरिकेतली अनेक मोठी विद्यापीठं उन्हाळ्यात प्री-कॉलेज प्रोग्रॅम चालवतात. मुलं काही आठवडे कॅम्पसवरच्या डॉर्ममध्ये राहतात आणि कॉलेजच्या धर्तीवर शिकतात. प्रोग्रॅम जून ते ऑगस्टमध्ये असला तरी अर्जाची लगबग आदल्या हिवाळ्यातच सुरू होते. पालक आधी विद्यापीठाचं नाव बघतात, मग फी. माझं आग्रहाचं सांगणं आहे की त्याच्याही आधी एक गोष्ट तपासा: कोर्सला कॉलेज क्रेडिट (पदवीसाठी मोजला जाणारा अभ्यास) आहे की नाही. व्हिसा कुठला लागेल आणि पुढे कॉलेजच्या अर्जात काय दाखवावं लागेल, हे बरंचसं त्यावरूनच ठरतं.

हार्वर्डचंच बघा. तिथे दोन आठवड्यांचा प्री-कॉलेज प्रोग्रॅम आहे, त्याला क्रेडिट नाही. आणि चार किंवा सात आठवड्यांचा सेकंडरी स्कूल प्रोग्रॅम आहे, त्यात कॉलेजचे क्रेडिट कोर्स घेतात. विद्यापीठ एकच, पण क्रेडिट कोर्सची ग्रेड विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणांच्या अधिकृत नोंदीवर, कायमची राहते. तिथे ‘सी’ मिळाला तर पुढे कॉलेजला अर्ज करताना तोही दाखवावा लागतो. मुलाला विषयाची ओढ असेल आणि रोज तीन-चार तास अभ्यासाची तयारी असेल तरच क्रेडिट कोर्स घ्यावा. नुसती चव घ्यायची असेल तर बिनक्रेडिटचा प्रोग्रॅम उत्तम, त्यात कमीपणा काहीच नाही. आणि दोन्हींपैकी कुठलाही केला म्हणून त्याच विद्यापीठात पुढे प्रवेश मिळेल, असं अजिबात नाही.

पात्रता

इयत्ता आणि वय, दोन्ही तपासा. येल यंग ग्लोबल स्कॉलर्सला किमान वय १६ लागतं. इयत्तेच्या बाबतीत ‘रायझिंग ज्युनियर’, ‘रायझिंग सीनियर’ हे शब्द सतत दिसतील. रायझिंग ज्युनियर म्हणजे उन्हाळ्यानंतर, येत्या फॉल (शरद ऋतूतल्या) सत्रात अकरावीत जाणारा विद्यार्थी, आणि रायझिंग सीनियर म्हणजे बारावीत जाणारा. अमेरिकेत शाळेचं वर्ष मे-जूनमध्ये संपतं, त्या हिशेबाने ही भाषा आहे. ज्यांचं शालेय वर्ष वेगळ्या महिन्यात सुरू होतं, त्यांचा इथे हमखास घोळ होतो. अशा वेळी अंदाजाने रकाना भरू नका. शाळा कधी सुरू होते आणि बारावी कोणत्या महिन्यात संपेल हे लिहून प्रवेश कार्यालयाला ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

नागरिकत्वाची अटही असते. एमआयटीचा ‘माइट्स समर’ मोफत आहे, पण तो अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठीच. एच-४ वर (एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांना अमेरिकेत शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, तरी अशा प्रोग्रॅमला मात्र ती पात्र ठरत नाहीत. हे आधी वाचलं नाही तर निबंधांवरची सगळी मेहनत फुकट जाते.

फी आणि निवड

फीवाल्या प्रोग्रॅमचा खर्च काही हजार डॉलर असतो, आणि अर्जाची फी सहसा परत मिळत नाही. मोठी फी म्हणजे कडक निवड, असा समज करून घेऊ नका. उलट ज्यांची निवड खरोखर कठीण, त्यातले काही मोफतच आहेत: एमआयटीमधली रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट, टेल्युराइड असोसिएशनचं समर सेमिनार. गणितासाठी १९५७ पासून चालत आलेला रॉस प्रोग्रॅम आणि बॉस्टन विद्यापीठातला प्रॉमिस आहे. त्यांच्या अर्जातच गणितं सोडवायला देतात. उत्तर आलं नाही तरी कुठपर्यंत पोचलो आणि कुठे अडलो हे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावं. तिथे विचार करण्याची पद्धतच बघितली जाते, म्हणून शिकवणीच्या सरांकडून सोडवून घेऊ नका.

फॅफ्सा हा अर्ज भरून कॉलेजसाठी मिळणारी सरकारी मदत हायस्कूलमध्ये शिकणाऱ्यांना लागू नसते. प्रोग्रॅमची स्वतःची शिष्यवृत्ती असेल तर तिची मुदत बरेचदा प्रवेशाच्या मुदतीआधी संपते, म्हणून तो अर्ज सोबतच भरा.

‘तुमच्या मुलाची खास निवड झाली आहे’ असं पत्र अर्ज न करताच आलं, तर थांबा. काही खाजगी कंपन्या विद्यापीठाची जागा भाड्याने घेऊन कोर्स चालवतात. विद्यापीठाच्या डॉट ईडीयू संकेतस्थळावर जाऊन तो प्रोग्रॅम त्यांच्या यादीत आहे का, ते स्वतः बघा.

कागदपत्रं

शाळेचा ट्रान्सक्रिप्ट, शिक्षकांचं शिफारसपत्र, निबंध आणि पालकांची संमती हे बहुतेक ठिकाणी लागतं. शाळा इंग्रजी माध्यमाची नसेल तर टोफेलसारखी इंग्रजीची परीक्षाही. गुण टक्क्यांत असतील तर तसेच पाठवा, स्वतः जीपीए (ग्रेडची सरासरी) काढत बसू नका. शिफारसपत्रासाठी शिक्षकांना किमान महिनाभर आधी विचारा.

निवड झाल्यावर आरोग्याचा फॉर्म येतो, आणि खरा वेळ इथे जातो. लसीकरणाच्या नोंदी, डॉक्टरांची तपासणी, आरोग्य विमा, आणि १८ वर्षांखालच्या मुलावर उपचार करायला पालकांची परवानगी, असं सगळं मागतात. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीच्या दोन्ही डोसच्या तारखा हव्यात, ‘लहानपणी दिली होती’ एवढ्यावर भागत नाही. रोजचं औषध चालू असेल तर मूळ डबीत, प्रिस्क्रिप्शनसह न्या. शाळेत आयईपी किंवा ५०४ प्लॅन (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने आखलेली सवलतींची योजना) असेल तर तो विद्यापीठात आपोआप लागू होत नाही. सवलतींसाठी तिथल्या कार्यालयाकडे वेगळी मागणी करावी लागते.

बाहेरच्या देशातून येत असाल तर

क्रेडिट कोर्ससाठी किंवा आठवड्याला १८ तास किंवा त्याहून जास्त शिक्षण असेल तर एफ-१ विद्यार्थी व्हिसा लागतो. छोट्या, बिनक्रेडिटच्या, हौसेच्या कोर्सला पर्यटक व्हिसा चालू शकतो, पण आपला प्रोग्रॅम कशात बसतो हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. एफ-१ साठी आधी खर्चाच्या तरतुदीचा पुरावा द्यायचा, मग विद्यापीठ आय-२० हा व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा फॉर्म देतं. त्यावर १८ खालच्या विद्यार्थ्याच्या पालकांचीही सही लागते. पुढे सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर फी, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, १८५ डॉलरची व्हिसा फी आणि मुलाखत. प्रोग्रॅम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी एफ-१ वर अमेरिकेत शिरता येत नाही. मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, त्यामुळे निवड एप्रिलमध्ये कळणार असेल तर पासपोर्टची वैधता जानेवारीतच तपासून ठेवा.

कोर्स सुरू झाल्यावर

क्रेडिट कोर्स घेतला की फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याप्रमाणे शैक्षणिक नोंदींवरचा हक्क मुलाकडे जातो, त्याचं वय १६ असलं तरी. पालकांनी फोन केला तर कार्यालय मार्क सांगायला बांधील नाही. कोर्स झेपत नसेल तर ड्रॉपची (कोर्स सोडण्याची) शेवटची तारीख मुलानेच सांभाळायची असते, आणि उन्हाळी सत्रात ती पहिल्या काही दिवसांतच येते. त्या तारखेनंतर कोर्स सोडला तर सहसा ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (कोर्स मध्येच सोडल्याची खूण) लागतो आणि फीही परत मिळत नाही.

कोर्स संपल्यावर अधिकृत ट्रान्सक्रिप्ट आपोआप शाळेत किंवा कॉलेजात पोचत नाही. तो विद्यापीठाच्या रजिस्ट्रारकडून (नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून) मागवावा लागतो, म्हणून विद्यापीठाचं लॉगिन बंद होण्याआधीच मागवून ठेवा.