स्वयम-एनपीटेल अभ्यासक्रमांतील भूमिका आणि संवाद

स्वयम हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यावरील अभियांत्रिकीचे बहुतेक अभ्यासक्रम एनपीटेल चालवते. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये हाती घेतलेल्या या उपक्रमात आधी ध्वनिचित्रित व्याख्याने आणि लिखित पाठ एवढेच मिळत. २०१४ पासून गृहपाठ, परीक्षा आणि प्रमाणपत्राची सोय झाली आणि शिकवणारा व शिकणारा यांच्यामध्ये बरीच माणसे आली.

विषयाचा आराखडा, व्याख्याने आणि प्रश्न ही प्राध्यापकाची जबाबदारी. अभ्यासक्रम चालू असताना रोजचे काम मात्र अध्यापन साहाय्यक पाहतात. चर्चापटलावर, म्हणजे अभ्यासक्रमाच्या ऑनलाइन चर्चामंचावर, आलेल्या शंकांना उत्तरे देणारे बहुतेक तेच. गृहपाठातल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे भरले गेले, तर पहिली तक्रार विद्यार्थ्यांकडूनच येते. साहाय्यक ती तपासतात, उत्तर दुरुस्त होते, सगळ्यांचे गुण पुन्हा मोजले जातात आणि तशी ईमेल येते. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीचे संशोधक काही विषयांची थेट सत्रे घेतात. तिथे मात्र गणित अडले की तिथल्या तिथे विचारता येते.

महाविद्यालयाच्या बाजूने ‘लोकल चॅप्टर’, म्हणजे एनपीटेलशी जोडलेला महाविद्यालयातला कक्ष, असतो. त्याचा समन्वयक, म्हणजे एसपीओसी (सिंगल पॉइंट ऑफ कॉन्टॅक्ट), हा त्याच महाविद्यालयातला प्राध्यापक असतो आणि स्वतःचे तास सांभाळून हे काम करतो. त्याच्या जोडीला विषयवार मार्गदर्शक असतात. आपल्या विद्यार्थ्यांनी कोणता गृहपाठ भरला, कोणता राहिला, हे मार्गदर्शकाला दिसते. या दुव्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, पण मुले टिकतात ती बहुतांशी त्याच्याच जोरावर. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात १२ पैकी सर्वोत्तम ८ गृहपाठांचे २५ गुण धरले जातात आणि केंद्रावर होणाऱ्या परीक्षेचे ७५. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण लागतात. मुदत रात्री ११:५९ ला संपली की गृहपाठ स्वीकारला जात नाही. अशा वेळी दूरच्या आयआयटीच्या ईमेलपेक्षा त्या दुपारी वर्गाच्या ग्रुपवर सरांनी टाकलेला ‘आज शेवटचा दिवस आहे, भरलं का?’ हा निरोप जास्त कामाला येतो.

भाषेची अडचण खरी आहे. एनपीटेलने अनेक व्याख्यानांची भाषांतरे मराठीसह इतर भारतीय भाषांत उपलब्ध करून दिली आहेत, पण चर्चापटलाचा व्यवहार बव्हंशी इंग्रजीत चालतो. मराठी माध्यमातून आलेली मुले तिथे लिहायला बिचकतात. तीच शंका ती मार्गदर्शकाला कॉरिडॉरमध्ये निःसंकोच विचारतात. मार्गदर्शकाने ती इंग्रजीत मांडून पटलावर टाकली, तर उत्तर सर्वांनाच मिळते. हा प्रघात सगळीकडे पडायला हवा.

शेवटचा घटक विद्यापीठ. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांत एका सत्रातील २० टक्के अभ्यासक्रम स्वयमवरून करण्याची मुभा दिली होती. २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. मुभा असली तरी श्रेयांक (क्रेडिट) आपोआप जमा होत नाहीत. कोणता अभ्यासक्रम कोणत्या विषयाच्या जागी धरायचा, हे संस्थेने सत्र सुरू होण्याआधी ठरवावे लागते. हा निर्णय विभाग, परीक्षा विभाग आणि एसपीओसी या तिघांपर्यंत वेळेत पोचला नाही, तर प्रमाणपत्र हाती असूनही गुणपत्रिकेत विषय दिसत नाही. म्हणून नोंदणी करतानाच विभागप्रमुखांकडून समतुल्यता लेखी घ्यावी.