बॅटरीतली खडीसाखर

परवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ आला, गाडीच्या जुन्या बॅटरीत एप्सम सॉल्ट टाका आणि नवी करा. लगेच दोघांनी विचारलं कुठे मिळतं. आमच्या मुलुंडला सगळे लोकलने ऑफिसला जाणारे, गाड्या कंपाउंडात आठवडेच्या आठवडे उभ्या, त्यामुळे रविवारी सकाळी उतरलेली बॅटरी आणि वॉचमनचा धक्का हे ठरलेलंच.

१८५९ साली गास्ताँ प्लाँतेने केलेली ही लेड-अ‍ॅसिड बॅटरी मुळात फार बदललेली नाही. एक प्लेट शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची, मध्ये पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिड. बॅटरीने करंट दिला की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, चार्ज केलं की परत सुटतं. इथवर शाळेतलंच आहे.

मजा पुढे आहे. हे सल्फेट ताजं असताना पिठीसाखरेसारखं बारीक असतं. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत तशीच पडून राहिली की बारीक कण हळूहळू विरघळतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात, कारण लहान कण जरा जास्त सहज विरघळतो. काही आठवड्यांत पिठीसाखरेची खडीसाखर. आता चार्ज होताना सल्फेटला आधी अ‍ॅसिडमध्ये विरघळून शिशाचे आयन सोडावे लागतात, आणि ते विरघळतं लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम. कण दहापट मोठा झाला तर तेवढ्याच मालाचा पृष्ठभाग दहावा हिस्सा उरतो, म्हणजे आयन तेवढेच सावकाश मिळणार. चार्जर मात्र करंट ढकलतच असतो, आयन पुरत नाहीत म्हणून तो करंट पाणी फोडायला लागतो, हायड्रोजन-ऑक्सिजनचे बुडबुडे येतात, व्होल्टेज झटकन चढतं आणि चार्जरला वाटतं झालं फुल्ल. दहा मिनिटांत चार्ज आणि दोन सेल्फमध्ये खलास, ते यामुळे.

म्हणून उपाय एकच, कमी करंट आणि भरपूर वेळ. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला एक-दीड अँपिअर, दोन-तीन दिवस, खिडक्या उघड्या आणि जवळ अगरबत्ती नको (नव्या बॅटरीची पूजा करणारे आहेत म्हणून सांगतोय, हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेटतो). प्लेटा उघड्या पडल्या असतील तर बुडतील इतपतच डिस्टिल्ड वॉटर आधी, बाकीचं चार्ज झाल्यावर. एसीचं पाणी टाकू नका, फुकट असलं तरी त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू येतो. आणि एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, सल्फेटने भरलेल्या अ‍ॅसिडमध्ये अजून सल्फेट! वर हायड्रोमीटरवर ग्रॅव्हिटी (म्हणजे अ‍ॅसिड पाण्याच्या किती पट जड, त्यावरून चार्ज कळतो) उगाच जास्त दिसते आणि आपल्याला वाटतं सुधारली.

जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते, ही समजूतही आताच्या प्लॅस्टिकच्या डब्यातल्या बॅटऱ्यांना लागू नाही.

पॉझिटिव्ह प्लेटचा माल झडून तळाला गेला असेल तर मात्र काही करता येत नाही. माझ्या बॅटरीच्या सहा सेलपैकी पाचांची ग्रॅव्हिटी तीन दिवसांनी १.२५० ला आली, तिसरा १.१४० च्या पुढे हललाच नाही. अ‍ॅसिड गटारात न ओतता तशीच डीलरकडे नेली, भंगाराचे पैसे नवीच्या बिलातून वजा झाले.