जर्मनीत मुलांना घरी का शिकवता येत नाही? पार्श्वभूमी

जर्मनीतली होमस्कूलिंगबंदी ही हिटलरची देणगी, असे ख्रिस्ती पालकांच्या चर्चेत हमखास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या १७९४च्या कायदेसंहितेत सक्ती होती ती आपल्या मुलांना घरी शिकवू न शकणाऱ्या किंवा शिकवू न इच्छिणाऱ्यांवर. जर्मन प्रजासत्ताकाच्या १९१९च्या वायमार राज्यघटनेने शाळेत जाणे सर्वांना बंधनकारक केले आणि पुढच्याच वर्षीच्या प्राथमिक शाळा कायद्याने घरच्या शिकवणीला केवळ अपवाद म्हणून जागा ठेवली. हिटलरच्या काळातल्या १९३८च्या कायद्याने शाळेत न येणाऱ्या मुलाला पोलिसांच्या मदतीने नेऊन बसवण्याची स्पष्ट तरतूद केली. युद्धानंतर राज्यांनी आपापले शालेय कायदे केले, सक्ती तशीच राहिली.

आजच्या कुटुंबांना मात्र या इतिहासापेक्षा जास्त भिडतो तो ११ सप्टेंबर २००६चा स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा निर्णय. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या, पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, घट्ट धरून चालणाऱ्या एका जोडप्याने आपल्या दोन लहान मुलांना प्राथमिक शाळेतून सूट मागितली होती. शाळेतले लैंगिक शिक्षण, गोष्टींमधल्या चेटकिणी आणि मुलामुलांमधली वाढती मारामारी या तिन्हींवर त्यांचा आक्षेप होता. श्रद्धाळू पालकांना मदत करणाऱ्या एका संस्थेच्या अभ्यासक्रमानुसार आई घरी शिकवत होती. राज्याच्या लेखी त्या संस्थेला शाळा म्हणून मान्यता नव्हती. फ्रायबुर्गपासून वरच्या प्रत्येक न्यायालयात त्यांना नकार मिळाला. २००३मध्ये घटनात्मक न्यायालयाने सांगितले की वेगळ्या विचारांवर उभे राहणारे ‘समांतर समाज’ तयार होऊ नयेत, यात साऱ्या समाजाचे हित आहे. स्ट्रासबुर्गने तो युक्तिवाद मान्य केला आणि तक्रार दाखलच करून घेतली नाही.

निर्णयातले दोन मुद्दे नीट वाचायला हवेत. पहिला वयाचा. मुले इतकी लहान आहेत की घरी शिकण्याचे परिणाम त्यांना कळणार नाहीत, म्हणून हा निर्णय त्यांचा स्वतःचा मानता येत नाही, असे न्यायालय म्हणते. ते कबूल. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला शाळेत जाण्याचे परिणाम तरी कुठे कळतात? त्याच्या वतीने कोणीतरी मोठ्या माणसाने ठरवायचेच असेल, तर आईवडिलांपेक्षा राज्याचा शब्द वरचढ का, याचे उत्तर निर्णयात तोकडे आहे. १९४९ची जर्मन राज्यघटनाच मुलांचे संगोपन हा आईवडिलांचा नैसर्गिक हक्क मानते.

दुसरा मुद्दा धर्मशिक्षणाचा. शाळा सुटल्यावर आणि शनिवार-रविवारी पालक हवे ते शिकवू शकतात, तेव्हा त्यांच्या हक्काला बाध येत नाही, असे न्यायालयाला वाटले. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मात्र घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजता-उठता मुलांशी देवाच्या वचनाविषयी बोलायला सांगितले आहे. ज्या घरात वाचन, गणित, भांडणानंतरची क्षमा आणि जेवणाआधीची प्रार्थना एकाच दिवसात गुंफलेली असते, तिथे श्रद्धेला फावल्या वेळेचा तास नेमून देणे हीच मोठी काटछाट आहे. तरी दुसरी बाजूही खरी आहे. जर्मनीत ख्रिस्ती खाजगी शाळा काढता येतात, सरकारी शाळेत धर्म हा नियमित विषय आहे आणि न्यायालयांनी याकडे वारंवार बोट दाखवले आहे. गावाजवळ अशी शाळा नसलेल्या कुटुंबाला त्याचा उपयोग नाही, एवढेच.

त्यानंतर प्रकरणे वाढत गेली. २००६च्या ऑक्टोबरमध्येच बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्याच एका ख्रिस्ती घरातली मुले पोलिसांनी शाळेत पोहोचवली. ते कुटुंब अमेरिकेत टेनेसीला गेले आणि २०१०मध्ये त्याला आश्रयही मिळाला. पुढे वरच्या पातळीवर तो रद्द झाला, २०१४च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका नाकारली आणि दुसऱ्याच दिवशी प्रशासनाने त्यांची हकालपट्टी अनिश्चित काळासाठी थांबवली. डार्मस्टाटजवळच्या दुसऱ्या घरातून ऑगस्ट २०१३मध्ये चार मुले ताब्यात घेतली गेली. शाळेत पाठवण्याचे कबूल केल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी ती परत आली. त्या कारवाईने कौटुंबिक जीवनाचा हक्क मोडला नाही, असे स्ट्रासबुर्गने १० जानेवारी २०१९ रोजी ठरवले. हेस्सेन राज्यात मुलांना सतत शाळेपासून दूर ठेवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

नोकरीसाठी श्टुटगार्ट किंवा म्युनिकला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हीच सक्ती लागू होते. आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले, पण ते न पाळल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. पुण्या-मुंबईत मुलांना घरी शिकवणाऱ्यांनी तिथे निघताना हा फरक आधीच लक्षात घ्यावा.