पानावर दिसतो तो फोटो पानात नसतो

पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर असो, क्वार्क असो की इनडिझाइन, पानावर फोटो ‘प्लेस’ केला तरी तो सहसा डॉक्युमेंटच्या आत जात नाही. आत जाते ती स्क्रीनपुरती हलकी प्रतिमा आणि मूळ फाइल कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात आहे त्याचा पत्ता. फोल्डरचं नाव बदललं किंवा पेनड्राइव्ह काढून घेतला की पत्ता चुकतो आणि छापताना ती हलकी प्रतिमाच उमटते. मग ‘फोटो फाटला’ म्हणून बोंब होते. नव्या ऑपरेटरला हा सॉफ्टवेअरचा खोडसाळपणा वाटतो. पण पान आणि चित्र वेगळं ठेवायची ही रीत कॉम्प्युटरच्याही आधीची आहे.

खिळ्यांच्या छपाईत फोटोचा जस्ताचा ब्लॉक ब्लॉकमेकरकडून वेगळाच बनून यायचा आणि खिळे जुळवणारा कंपोझिटर त्याच्यासाठी जागा सोडायचा. पुढे ऑफसेट आलं, फोटोटाइपसेटिंगच्या, म्हणजे फोटोच्या कागदावर उमटवलेल्या मजकुराच्या, पट्ट्या कापून बोर्डावर पेस्टिंग होऊ लागलं, तरी फोटोच्या जागी नुसती चौकटच असे. फार तर फोटोची झेरॉक्स चिकटवायची आणि ‘फक्त जागेपुरतं’ असा शेरा मारायचा. इंग्रजी छपाईतला ‘एफपीओ’ (फॉर पोझिशन ओन्ली) तो हाच. याला तांत्रिक कारण होतं. मजकूर म्हणजे निव्वळ काळं-पांढरं, तर फोटोतल्या करड्या छटा छापायला त्यांचे बारीक ठिपके पाडावे लागतात. म्हणून मूळ फोटोच्या पाठीवर पान क्रमांक आणि किती टक्के लहान करायचा ते लिहून तो छपाईच्या निगेटिव्ह काढणाऱ्या प्रोसेस कॅमेऱ्याकडे जायचा, तिथे जाळीतून त्याची निगेटिव्ह निघायची आणि प्लेट करण्याच्या जरा आधी ती पानाच्या फिल्ममध्ये त्या चौकटीत बसवली जायची.

१९८५ मध्ये ॲल्डस कंपनीचं पेजमेकर मॅकिंटॉशवर आलं. त्याच वर्षी पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे प्रिंटरला पानाचं वर्णन सांगणारी भाषा, समजणारा ॲपलचा लेझररायटर प्रिंटरही आला. एका टेबलावर सगळं पान तयार होणार, अशी हवा झाली. मजकुरापुरती ती खरीही होती. फोटोपुरती नव्हती, कारण ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) प्रिंटरवर फोटोची जाळी अगदीच जाडीभरडी निघे. त्यामुळे लेझर प्रिंटवर चौकट मोकळी सोडून फोटो आधीसारखाच हाताने बसवणं बराच काळ चालू राहिलं.

दुसरी अडचण आकाराची. ए-४ पानभर रंगीत फोटो ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) घेतला तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतात. छपाईच्या सीएमवायके या चार रंगांना (निळसर, किरमिजी, पिवळा, काळा) प्रत्येकी एक बाइट धरला तर साधारण ३५ एमबी. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर न्यायचा म्हटलं तर २४ फ्लॉप्या, त्याही एका फोटोला! पहिल्या मॅकच्या फ्लॉपीत तर जेमतेम ४०० केबी मावत. असा फोटो डॉक्युमेंटमध्ये कोंबला तर पान उलटायलाही चहा घेऊन यावं लागलं असतं. पेजमेकर म्हणूनच मोठी इमेज घेताना विचारायचं: पूर्ण प्रत आत ठेवू का? मोठी म्हणजे किती, ही मर्यादा पुढच्या आवृत्त्यांत मुळात असे २५६ केबी, आणि ती बदलता येई. घाईत ‘येस’ दाबलं की पब्लिकेशन, म्हणजे पेजमेकरची फाइल, फुगलंच.

१९८६ चं व्हेंचुरा पब्लिशर याही पुढे गेलं होतं. त्याची चॅप्टर फाइल म्हणजे जवळजवळ नुसती यादीच. मजकूरसुद्धा बाहेर, वर्ड प्रोसेसरच्या मूळ फाइलीत. एकटी चॅप्टर फाइल कॉपी केली तर हाती काही लागत नसे, म्हणून सगळ्या फाइली एकत्र उचलून पत्ते दुरुस्त करणारी सोय त्यातच दिलेली होती. क्वार्कचं ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ आणि इनडिझाइनचं ‘पॅकेज’ ही त्याच सोयीची पुढची पिढी.

पण या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग ओपीआयचा, म्हणजे ओपन प्रीप्रेस इंटरफेसचा. हा नियम ॲल्डसचाच, १९८० च्या दशकाच्या अखेरचा. त्याची १.३ ही आवृत्ती १९९३ ची. फोटो बारकाईने टिपणारा ड्रम स्कॅनर असायचा फिल्म काढून देणाऱ्या ब्यूरोकडे. ब्यूरोवाले फोटो स्कॅन करून जड फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवत आणि डिझायनरला हलकी प्रत देत. डिझायनर ती लावे, कापे, फिरवे. पान पोस्टस्क्रिप्टमध्ये उतरताना त्यात टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या काही ओळी पडत: फाइलीचं नाव अमुक, कापलेला भाग इथून इथवर. अशा ओळी प्रिंटर शेरा समजून सोडून देतो. सर्व्हर मात्र नेमक्या त्याच वाचून हलक्या प्रतीच्या जागी मूळ फोटो चढवी. त्यातल्या बऱ्याच ओळींची सुरुवात ‘एएलडी’ या अक्षरांनी होई, म्हणजे ॲल्डस. बोर्डावरची झेरॉक्स आणि तिच्यावरचा शेरा, दोन्ही जसंच्या तसं कोडमध्ये उतरलं होतं.

क्वार्कच्या डीसीएस या फाइल-प्रकारात एका फोटोच्या पाच फाइली होत: चार रंगांच्या चार आणि दाखवायला एक. कॉपी करताना एखादी मागे राहिली की संपलंच.

ही सगळी ने-आण पीडीएफने कमी केली. छपाईसाठीचा पीडीएफ/एक्स-१ए हा आयएसओचा नियम २००१ चा. त्यात फॉन्ट, फोटो सगळं फाइलीच्या आतच हवं. २००८ मध्ये पीडीएफ/एक्स-५जी आला आणि त्याने बाहेरच्या चित्रांना पुन्हा दार उघडून दिलं, पण रोजच्या कामात तो वापरणारं माझ्या तरी पाहण्यात कोणी नाही.

छापखान्यापर्यंतचा प्रश्न असा सुटला. डिझायनरच्या टेबलावरचा तसाच आहे. १९९९ मध्ये आलेलं इनडिझाइन ४८ केबीपर्यंतची बिटमॅप (पिक्सेलची बनलेली) इमेज मुकाट्याने आत घेतं, बाकीच्यांचा पत्ता ठेवतं. फाइल सापडली नाही तर लाल प्रश्नचिन्ह, मूळ फाइल बदलली तर पिवळा त्रिकोण. आपल्याकडे अनेकांचा हात कोरलड्रॉवर बसलेला. तिथे फोटो इम्पोर्ट केला की आपसूक आत जातो, बाहेरची लिंक हवी तर मुद्दाम निवडावी लागते. तिथून इनडिझाइनकडे येणारा माणूस एकटी डॉक्युमेंट फाइल मेल करतो आणि फोटोंचा फोल्डर घरीच राहतो, यात नवल नाही.

लाल चिन्ह निदान दिसतं तरी. डिजिटल कॅमेरे फाइलीच्या नावात चारच आकडे ठेवतात, ९९९९ झाले की पुन्हा ०००१. त्यामुळे गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकाच्या फोल्डरातही एक ‘डीएससी_०४१२’ असतो आणि यंदाच्याही. तुटलेल्या लिंका फोल्डर दाखवून एकदम जोडताना सॉफ्टवेअर नाव जुळवतं, चेहरा नाही. लाल चिन्हं जातात आणि लेखिकेच्या जागी कुणाच्या तरी बारशाचा फोटो बसतो. म्हणून जाणते ऑपरेटर कार्डावरून फोटो उतरवतानाच नावापुढे अंकाचं वर्ष आणि लेखाचा क्रमांक जोडतात, प्लेस करणं त्यानंतर.