दोन टनांचं मशीन ट्रकवर घसरतं कसं?

इंदूरच्या कारखान्यांच्या भागात, पीथमपूरला नाहीतर सांवेर रोडवर, सिझर लिफ्ट ट्रकमध्ये चढवून झाली आणि पट्टे बांधायची वेळ आली की कोणीतरी म्हणतंच, "दो टन की मशीन है भैया, कहाँ जाएगी." फक्त ड्रायव्हर नाही, शिकलेसवरलेले साइट इंजिनियर पण असंच बोलतात, आणि मला दर वेळी राहवत नाही कारण ज्याच्या पाठीशी ते मशीन उभं असतं तो माणूस केबिनमध्ये बसून गाडी चालवत असतो.

सिझर लिफ्ट बहुतेकांनी बघितलेली असते, मॉलमध्ये लाइट बदलायला किंवा शेडचे पत्रे बसवायला एकमेकांना छेदणाऱ्या लोखंडी दांड्यांवर माणसांचा पाळणा वर जातो ती. छोटी इलेक्ट्रिक लिफ्ट दीड टनाच्या आसपास, मोठी अडीच टनांची किंवा त्याहूनही जड. जड आहेच. पण जड आहे म्हणून जागची हलणार नाही हे साफ चुकीचं आहे.

शाळेतलं आठवा. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं, हे फ्रान्सच्या आमाँतोंनी 1699 मध्ये मांडलं. मशीन दुप्पट जड तर त्याला धरून ठेवणारं घर्षण दुप्पट, बरोबर. पण ट्रकने ब्रेक मारला की मशीनला पुढे नेणारं जडत्व सुद्धा दुप्पट! दोन्हीकडे तेच वस्तुमान, म्हणजे गणितातून ते उडूनच जातं. उरतो तो घर्षणाचा गुणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात तो आकडा) आणि गुरुत्वाकर्षण, बस. अडीच टनांची लिफ्ट आणि अडीच किलोची रबरी तळाची पेटी एकाच ब्रेकला घसरायला लागतात. (रबर हा नियम तंतोतंत पाळत नाही, पण अंदाजाला चालतं.)

आता आकडे घ्या. हौद्याचा लोखंडी पत्रा ओला किंवा तेलकट असला तर गुणांक 0.3 धरा. त्याला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 10 ने गुणलं की 3, म्हणजे सेकंदाला 3 मीटर प्रति सेकंद एवढाच वेग घर्षण कमी करू शकतं. कोरड्या रस्त्यावर ट्रकने कचकचून ब्रेक मारला तर हाच आकडा 6 पर्यंत जातो. उरलेला 3 चा फरक म्हणजे मशीन केबिनकडे निघालं. मध्ये फक्त 1 मीटर जागा असली तरी ते ताशी 9 किलोमीटरच्या वेगाने आदळतं, अडीच टन एक फुटावरून सोडल्यावर जेवढी ऊर्जा तेवढी.

मग लोक म्हणतात लिफ्टला ब्रेक आहेत ना. आहेत, आणि फार सुंदर आहेत, स्प्रिंगने कायम लागलेले असतात आणि लिफ्ट चालवतानाच तेलाच्या दाबाने किंवा विजेने सुटतात, म्हणजे बॅटरी मेली तरी ब्रेक लागलेलाच. पण ब्रेक चाकाचं फिरणं थांबवतो, चाकाचं घसरणं नाही. आणि बंद मशीन विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) ओढायला हेच ब्रेक हाताने सोडावे लागतात, तेव्हा आधी विंच जोडायची, चाकांना ठोकळे लावायचे, मगच ब्रेक सोडायचा. उलटं केलं तर रॅम्पवर ते थांबवायला काहीच उरत नाही. चढवून झालं की ब्रेक पुन्हा लावायला विसरू नका.

खड्डा आला की अजून एक गोष्ट होते. ट्रक खाली आदळायच्या आधी क्षणभर हौदा मशीनखालून निसटतो, चाकांवरचा दाब कमी होतो, दाब कमी म्हणजे घर्षण कमी, आणि तेवढ्या क्षणात मशीन बोटभर सरकतं. असं करत करत तासाभरात एका कडेला गेलेली लिफ्ट मी बघितली आहे, ब्रेक एकदाही जोरात न मारता.

म्हणून पट्टा लागतो, आणि तोही कसा बांधला यावर सगळं आहे. पुढच्या दिशेला वजनाच्या 0.8 पट ताकद धरून ठेवता आली पाहिजे असा युरोप-अमेरिकेतला नियम आहे. अडीच टनांना 2000 किलो. घर्षणाचे 750 गेले, उरले 1250. पाळण्यावरून आडवा पट्टा टाकून आवळला तर तो फक्त दाब वाढवतो, पट्टा आवळायच्या हाताच्या रॅचेटने 300 किलो ताण आला तर दोन्ही बाजू मिळून 600 चा दाब आणि त्याच्या 0.3 पट म्हणजे 180 किलो. असे सात पट्टे लागतील, रेलिंग वाकेल ते वेगळंच! तोच पट्टा खाली चासिसच्या कडीला लावून मागच्या बाजूला 45 अंशात ओढला तर तो थेट धरतो, दोन पट्ट्यांत प्रत्येकी 700 किलोच्या आत ताण येतो. कोन उभा होऊन 70 अंश झाला की हजाराच्या वर. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना मिळून निदान चार, कंपनीने दिलेल्या कड्यांनाच, आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून परत आवळायचे कारण धक्क्यांनी ते सैल पडतात.

मुंबईकडे जाताना मानपूरच्या पुढे गणेश घाट आहे, तिथे उतारावर ब्रेक फेल झाल्याच्या बातम्या आपण इंदूरकरांनी वर्षानुवर्षं वाचल्या आहेत. उतारावर वजनाचाच एक भाग पुढे ओढत असतो. बंपरला लिंबू-मिरची बांधून, चाकाखाली लिंबू चिरडून गाडी निघते, श्रद्धा ज्याची त्याची, पण त्याने घर्षण तसूभर वाढत नाही आणि त्या भरवशावर पट्टा टाळणं हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

काम नसताना मशीन ठेवायचं म्हटलं तर पाळणा पूर्ण खाली, चावी काढलेली, तातडीने बंद करायचं लाल बटण दाबलेलं, सपाट पक्क्या जमिनीवर. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज करूनच ठेवा, अर्धवट राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात आणि ते नंतर चार्जिंगने विरघळत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात चाळीसच्या वर पारा, उष्णतेने बॅटरी आपोआप उतरायचा वेग आणखी वाढतो, तेव्हा नुसत्या उभ्या मशीनला पण मधूनमधून चार्जिंग द्या, खोली उघडी ठेवून, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगी पुरते. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर घाला, आधी घालायचं ते फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतं, नाहीतर अॅसिड उतू जातं. बूम लिफ्ट (लांब हाताच्या टोकाला पाळणा असलेली) असेल तर ट्रकवर असताना टर्नटेबलची, म्हणजे वरच्या फिरत्या भागाची, लॉक पिन लावलेली, आणि साइटवर उतरवून काम सुरू करायच्या आधी ती काढलेली.