मोटारीचे बदली टायर : पकड आणि टिकाऊपणा (गोवा)

मोटारीबरोबर कारखान्यातून आलेले टायर झिजले, फुटले किंवा जुने झाले की त्यांच्या जागी बाजारातून घेऊन बसवले जाणारे टायर म्हणजे बदली टायर. ते घेताना ग्राहकाला दोन गोष्टी हव्या असतात : रस्ता धरून ठेवणारी पकड आणि भरपूर किलोमीटर. एकाच रबरातून या दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत. पकडीसाठी मऊ रबर लागते आणि मऊ रबर लवकर झिजते. गोव्यात चार महिन्यांचा मुसळधार पाऊस, सह्याद्रीचे घाट आणि रस्त्यावर येणारी जांभ्याची लाल माती यांमुळे निवडीचा कौल ओल्या रस्त्यावरील पकडीकडे झुकतो. त्यातच इथल्या घरगुती गाड्यांची रोजची धाव बहुधा कमी असते. टायरची नक्षी संपण्याआधी त्याचे वय संपते, असे येथे बऱ्याचदा घडते.

रबर आणि नक्षी

टायरच्या धावेत (रस्त्याला टेकणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यात) नैसर्गिक रबर, कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक, सिलिका, तेले आणि गंधक यांचे मिश्रण असते. त्याला धंद्यात ‘कंपाउंड’ म्हणतात. ओल्यातील पकड, झीज आणि लोळणरोध (चाक फिरताना टायर वाकून-सरळ होण्यात वाया जाणारी शक्ती) या तिन्हींचा मेळ घालणे ही कंपाउंड बनवणाऱ्याची जुनी डोकेदुखी आहे. एक सुधारले की दुसरे बिघडते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने कार्बन ब्लॅकचा बराचसा भाग काढून त्या जागी सिलिका वापरलेले टायर बाजारात आणले. त्यामुळे ओल्यातील पकड फारशी न गमावता लोळणरोध कमी करता येऊ लागला. आज मोटारींच्या बहुतेक चांगल्या टायरमध्ये सिलिका असते, मात्र तिचे प्रमाण कंपनीगणिक आणि किमतीगणिक बदलते. ‘इंधन वाचवणारा’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक टायर पावसातही तितकाच चांगला असेल, असे धरून चालू नये.

कोरड्या डांबरावर पकड देते ते रबर. नक्षीचे खरे काम पाणी हटवण्याचे. लांब उभ्या खाचा पाणी मागे फेकतात, आडव्या खाचा ते कडेला ढकलतात आणि ठोकळ्यांवरचे बारीक काप पाण्याचा उरलेला पातळ थर मोडतात. खाचा जितक्या रुंद तितके जमिनीला टेकणारे रबर कमी, म्हणून पावसात उत्तम वागणारी नक्षी उन्हाळ्यात थोडी लवकर झिजते. बाणाची खूण असलेला टायर एकाच दिशेने फिरवायचा असतो. आतली-बाहेरची बाजू वेगळी असणाऱ्या टायरवर बाहेरची बाजू लिहिलेली असते. बसवताना उलटसुलट झाले तर पैसे मोजलेली पकड हाती लागत नाही, तेव्हा दुकानातून निघण्यापूर्वी चारही चाकांकडे एकदा पाहून घ्यावे. काही टायरवर असलेली चिखल-बर्फाची खूण गोव्यात काहीच उपयोगाची नाही.

गोव्यातील रस्ते

किनाऱ्यालगत वर्षाला सरासरी ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. वाळपई-सांगेकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी, तो आणखी वाढतो. धोका मात्र केवळ पावसाच्या प्रमाणात नाही. मिरगाच्या पहिल्या सरीत आठ महिन्यांची धूळ, सांडलेले डिझेल आणि टायरचा भुगा वर येऊन डांबर साबणासारखे होते. जोराचा पाऊस दोन-तीन दिवस लागल्यावर रस्ता उलट धुऊन निघतो. माडा-पोफळींच्या सावलीतले गावरस्ते पाऊस थांबल्यावरही ओले राहतात आणि कडेला शेवाळ धरतात. डिचोली, सांगे, केपे भागांत खनिजाच्या आणि बांधकामाच्या ट्रकांची माती डांबरावर पसरते. ओली झाली की तिचा लाल चिखल खाचांत घट्ट बसतो आणि नवाकोरा टायरही तेवढा वेळ गुळगुळीत टायरसारखाच वागतो.

पत्रादेवी ते पोळे हा राष्ट्रीय महामार्ग ६६ बऱ्याच ठिकाणी रुंद झाल्याने वेग वाढला आहे. उड्डाणपुलांच्या उतारावर आणि सखल भागांत पाण्याचे पट्टे साचतात. वेगातली गाडी त्यावर गेली की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग हलके पडते आणि ब्रेकला दाद मिळत नाही. नासाने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, खोल पाण्यात हा धोक्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ते सूत्र मोटारीला ढोबळमानाने लावले तर ३३ पीएसआयला (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरचे पौंड, हवेच्या दाबाचे माप) ताशी सुमारे ९६ किमी आणि २५ पीएसआयला सुमारे ८३ किमी हे आकडे मिळतात. चांगल्या खाचा हा वेग वर नेतात, तर झिजलेल्या खाचा आणि रुंद टायर तो खाली आणतात.

बेळगावकडे जाणारे अनमोड आणि चोर्ला हे दोन्ही घाट, तसेच काणकोणच्या वाटेवरचा करमल घाट, येथे वळणांवर टायरचा खांदा, म्हणजे धावेची कड, घासला जातो. गावातल्या अरुंद रस्त्यांवर त्रास निराळा. समोरून बस आली की डावीकडची चाके डांबराच्या तुटक्या कडेवरून खाली उतरतात, चिऱ्याच्या गडग्याला घासतात आणि साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) कट बसतो. आतले धागे तुटले की तेथे फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

टायरवरील खुणा

१८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिलेले असेल तर १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसरीपर्यंत आडवे असलेला) आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ या भारांकाचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो, तर एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतची वेगमर्यादा. (टीसाठी १९०, व्हीसाठी २४०.) गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या भारांकाहून कमी भारांकाचा टायर घेऊ नये. वेगाचे अक्षर गोव्याच्या रस्त्यांवर निरर्थक वाटते, पण त्यावरून उष्णता सोसण्याची ताकद कळते, म्हणून त्यातही खाली उतरू नये.

चार अंकांची तारीख सर्वांत उपयोगाची : २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या टायरला आयएस १५६३३ या मानकानुसार आयएसआय चिन्ह लागते. जून २०२०पासून नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आल्यामुळे स्वस्त परदेशी मालाची बाजारातली गर्दी ओसरली. उसगावला एमआरएफचा कारखाना आहे. कारखाना गोव्यात आहे म्हणून त्यातला टायर गोव्याच्या पावसासाठीच बनतो, असे अर्थातच नव्हे.

पकड आणि झीज कशी जोखावी

ग्राहकाला दोन्ही गुण एका नजरेत दाखवणारे लेबल भारतीय दुकानात मिळत नाही. एआयएस-१४२ या वाहनांसाठीच्या भारतीय मानकात ओल्यातील पकड, लोळणरोध आणि आवाज यांच्या मर्यादा आहेत आणि २०२२मध्ये त्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आणल्या गेल्या. पण मर्यादा म्हणजे पास-नापास. कोण पहिला आला हे त्यातून समजत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे दिसले तर ते इंधनबचतीचे आहेत, पावसातील पकडीचे नव्हेत. युरोपीय लेबलवर ओल्यातील पकडीची ए ते ई अशी श्रेणी असते. तेच मॉडेल तेथे विकले जात असेल तर ती पाहण्यासारखी आहे.

अनेक टायरवर अमेरिकी पद्धतीचे तीन निर्देश कोरलेले असतात : ट्रेडवेअरचा (झिजेचा) आकडा, ट्रॅक्शनचे (पकडीचे) अक्षर आणि तापमानाचे अक्षर. ट्रेडवेअर ४०० म्हणजे त्या चाचणीत २००च्या दुप्पट टिकलेला. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका कंपनीच्या दोन मॉडेलांची तुलना करायला तो ठीक, दोन कंपन्यांच्या तुलनेला कच्चा. ट्रॅक्शनची श्रेणी एए, ए, बी, सी अशी उतरत जाते आणि ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून ठरते. वळणावरची पकड किंवा साचलेल्या पाण्यावर तरंगणे यांबद्दल ती काही सांगत नाही. दुकानदार ‘साठ हजार आरामात जाईल’ म्हणतो तेव्हा तो ट्रेडवेअरच्याच बाजूने बोलत असतो. ट्रॅक्शनबद्दल विचारावे ते ग्राहकानेच.

टिकाऊ टायर घ्यावा की पकडीचा, हा प्रश्न रोजच्या अंतरावर सोडवता येतो. म्हापशाहून पणजीला जाऊन-येऊन साधारण २६ किमी होतात. वर्षाचे २५० दिवस धरले तर ६,५०० किमी. चाळीस हजार किलोमीटर टिकणारा टायर या गाडीला सहा वर्षे पुरेल, आणि तोवर रबर कडक होऊ लागलेले असेल. तिला साठ हजार किलोमीटरचा कडक टायर घेणे म्हणजे कधीच न वापरायच्या वीस हजार किलोमीटरसाठी पावसातली पकड देऊन टाकणे. फोंड्याहून पणजीला रोज ये-जा करणाऱ्याचे वर्षाला १५,००० किमीच्या आसपास होतात. त्याने मधला मार्ग धरावा. टॅक्सीवाल्याचा आणि भाड्याने गाडी देणाऱ्याचा हिशेब आणखी वेगळा : त्याला टिकाऊपणाच परवडतो. पण त्या गाड्या चालवतात बहुधा रस्त्याची सवय नसलेले पर्यटक, हेही त्याने धरावे. विजेवरच्या मोटारी बॅटरीमुळे जड असतात आणि त्यांचा जोर तत्क्षणी चाकांवर येतो, त्यामुळे त्यांचे टायर लवकर झिजतात. त्यांना भारांक आणि झीज या दोन्हींकडे अधिक लक्ष लागते.

माप वाढवणे

रुंद टायर आणि मोठे अलॉय (मिश्रधातूचे रिम) बसवण्याची हौस म्हापसा-मडगावच्या दुकानांत नित्याची आहे. टायरचा एकूण व्यास मूळ व्यासाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. १८५/६५ आर १५चा व्यास सुमारे ६२१ मिमी, १९५/५५ आर १६चाही जवळजवळ तेवढाच, म्हणजे स्पीडोमीटर चुकणार नाही. कोरड्या वळणावर पकडही सुधारेल. पण भिंत सुमारे १३ मिमीने कमी होते, आणि खड्ड्यात टायरबरोबर रिमही वाकण्याची शक्यता वाढते. पावसाळ्यातले अंतर्गत रस्ते पाहता मूळ माप सोडण्यात फायदा कमी आणि खर्च जास्त.

दोनच टायर बदलताना

लहान गाड्यांत बहुधा पुढची चाके गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा बराचसा भारही घेतात. त्यामुळे पुढचे टायर आधी झिजतात आणि नवी जोडी पुढेच बसवायची असे लोक गृहीत धरतात. टायर कंपन्यांचा सल्ला उलट आहे : नवी जोडी मागे, मागची पुढे. पुढचे टायर घसरले तर गाडी वळायला कमी पडते आणि ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा सावरते. मागचे घसरले तर गाडीची शेपूट फिरते, आणि अनमोडच्या ओल्या वळणावर ते सावरणे सराईत चालकालाही कठीण जाते. दुकानातल्या पोऱ्याला हे आग्रहाने सांगावे लागते. एका आसावर दोन वेगळ्या नक्षीचे टायर कधीच नसावेत.

झीज रोखणे

टिकाऊपणा विकत घेण्यापेक्षा तो राखणे स्वस्त पडते. हवा कमी असेल तर दोन्ही खांदे झिजतात, जास्त असेल तर मध्यभाग. एकच कड खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट (चाकांचा सरळपणा) बिघडलेले असते, आणि धाव वरखाली लागत असेल तर बहुधा शॉक ॲब्सॉर्बर गेलेला असतो. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. तो टायर थंड असताना पाहायचा. साइडवॉलवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरायचा आकडा नव्हे. नायट्रोजनसाठी जादा पैसे देण्यात फारसा अर्थ नाही, कारण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आठ ते दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करावी. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी अलाइनमेंट हमखास हलते. दसऱ्याला गाडी धुऊन तिची पूजा होतेच, त्याच आठवड्यात अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग उरकावे.

नव्या टायरच्या पृष्ठावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश राहतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेताने चालवावे, विशेषतः टायर पावसात बसवला असेल तर.

केव्हा बदलावे

कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी खोल हवी. खाचांच्या तळाशी असलेले लहान उंचवटे धावेच्या पातळीला आले की ती मर्यादा गाठली, असे समजायचे. नव्या टायरवर नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. कायद्याची मर्यादा गोव्याच्या जुलैसाठी फार उदार आहे : मे महिन्यात ३ मिमीहून कमी नक्षी उरली असेल तर मिरगाआधीच बदल करावा.

वयाचा हिशेब वेगळा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो बदल, असा अनेक कंपन्यांचा सल्ला आहे. ऊन आणि उष्णतेने रबर कडक होते व साइडवॉलवर भेगा पडतात. बोटीवर किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांची, वर्षाचे दहा महिने अंगणात उभी असणारी गाडी याचे ठळक उदाहरण : नक्षी नव्यासारखी, रबर लाकडासारखे. अशा गाडीची हवा उतरत राहते आणि टायर एका जागी चपटा होतो. स्टेपनीलाही हेच लागू, ती तर वर्षानुवर्षे कोणी पाहतही नाही.

जुने टायर

काढलेला टायर घरी नेऊन माडाच्या बुंध्याशी टाकण्याची सवय पावसाळ्यात महागात पडते. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. टायर दुकानातच सोडावा. २०२२च्या केंद्रीय नियमांनुसार टाकाऊ टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी टायर बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर आहे.