रेल्वेनं कुत्र्याला सुट्टीला न्यायचंय? सांगली-मिरज-साताऱ्याच्या लोकांनी आधी हे वाचा

लसीचं पुस्तक म्हणजे प्रवासाचा दाखला नव्हे. तिकीट कन्फर्म, बॅगा भरलेल्या, मुलं खूश, आणि पार्सल ऑफिसच्या खिडकीवर नकार, असं कितीतरी कुटुंबांचं होतं. कारण बहुतेक वेळा हेच असतं.

खिडकीवर दोन वेगळे कागद लागतात. एक लसीकरणाचं पुस्तक, त्यात रेबीजची लस चालू वर्षातली हवी. ती आदल्या दिवशी टोचून भागत नाही, कारण पहिल्या डोसानंतर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे जातात. दुसरा कागद पशुवैद्यकाचा तब्येतीचा दाखला. हा प्रवासाच्या २४ ते ४८ तास आधीचाच लागतो. लोक सवडीनं आठवडाभर आधी काढून ठेवतात आणि तो वाया जातो. रविवारी रात्री निघणार असाल तर सरकारी दवाखान्याची वेळ आधीच विचारून ठेवा. खासगी डॉक्टरांचा दाखलाही चालतो, फक्त त्यावर शिक्का, सही आणि नोंदणी क्रमांक हवा. कुत्र्याची जात, रंग, वय, नर की मादी हे सगळं लिहून घ्या. आपल्याकडे जत-आटपाडीच्या बाजूला कारवानी कुत्री पुष्कळ, गावठी तर घरोघरी. तिथं जातीचा रकाना मोकळा सोडू देऊ नका. ‘कारवान’ किंवा ‘देशी’ असं स्पष्ट लिहायला सांगा.

आता तिकीट. स्लीपर, थ्री टायर, टू टायर, चेअर कार यांत कुत्रा नेता येत नाही. सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीच, आणि तिथंही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर हवी. अडचण अशी की ऑनलाइन तिकीट काढताना कूपे निवडताच येत नाही. तो चार्ट तयार होताना ठरतो. नियम कूपे मागतो आणि तिकीट तो देत नाही, मध्ये भरडला जातो प्रवासी. म्हणून दोघांचं किंवा चौघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा आणि गाडी जिथून सुटते तिथल्या आरक्षण कार्यालयाला साधा अर्ज द्या: गाडी, तारीख, पीएनआर आणि ‘सोबत पाळीव कुत्रा असल्यानं कूपे मिळावा’. पोच घेतल्याशिवाय हलू नका. अर्ज दिला म्हणजे कूपे मिळालाच असं नाही, तेव्हा दुसरी सोय मनात ठेवा. केबिनमध्ये दुसरे प्रवासी आले आणि त्यांनी हरकत घेतली, तर कुत्र्याची रवानगी गार्डच्या डब्यात होते आणि पैसे परत मिळत नाहीत.

बुकिंग पार्सल ऑफिसला, गाडीच्या दोन-तीन तास आधी: तिकीट, ओळखपत्र, दोन्ही कागद, गळपट्टा आणि साखळी. पावती मिळते, ती प्रवासभर जवळ ठेवा. बुकिंगशिवाय कुत्रा सापडला तर सामानाच्या दराच्या सहापट आकारणी होते.

फर्स्ट एसी परवडत नसेल तर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी हा पर्याय नियमात आहे. मला विचाराल तर मे महिन्यात तो घेऊच नका. पेटी लहान, उकाडा प्रचंड, आणि खाणं-पाणी बघायचं तुम्हीच, तेही गाडी थांबेल तेवढ्या वेळात. घ्यायचाच झाला तर मिरजेहून चढवा. तिथं गाडी जास्त वेळ थांबते, छोट्या स्टेशनावर चढवता चढवता धांदल उडते. लांबच्या प्रवासापेक्षा महाबळेश्वर-पाचगणीला आपल्या गाडीनं गेलेलं कुत्र्याला कितीतरी सुखाचं. राहायच्या जागेकडून ‘कुत्रा चालेल’ हे मात्र लेखी घ्या. कोयना, चांदोली, सागरेश्वर यांच्या जंगलात त्याला नेऊ नका. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा संसर्गजन्य आजार रानातल्या जनावरांना होतो.

आणखी एक, जे जवळपास सगळेच विसरतात: परतीचा दाखला. जातानाचा कागद येताना चालत नाही, मुदत कधीच संपलेली असते. निघण्याआधीच मुक्कामाच्या गावातल्या पशुवैद्यकाचा फोन नंबर मिळवून ठेवा आणि परतीच्या आदल्या दिवसाची वेळ घेऊन टाका.